खेकड्याला छत्री कशाला?

*छापण्याआधी विचारा: वाचकांचे प्रश्न, फोंड्यात स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या बाईंची उत्तरं*

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मित्राबरोबर टी-शर्ट छापून विकायला सुरुवात केली आहे. पहिलं डिझाइन सोबत पाठवतो. शिंपल्यांच्या तावदानांची जुनी खिडकी, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेला खेकडा, त्याच्या एका नांगीत उघडी छत्री. हे मला सुचलं आणि आवडलं, बस्स. पण ज्याला दाखवतो तो विचारतो, "हाचो अर्थ कितें?" बाबांनी विचारलं, काकांनी विचारलं, शिगम्याच्या वेळी स्टॉल लावला तर गिऱ्हाइकांनीही तेच. मी गप्प बसतो, मग लोक टी-शर्ट खाली ठेवून निघून जातात. मित्र म्हणतो, खाली "म्हादई वाचवा" लिहू, म्हणजे अर्थ येईल आणि खपेलही. टी-शर्टवरच्या चित्राला अर्थ लागतोच का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : नाही रे बाबा, लागत नाही. एवढ्यावर तुला वाटेला लावलं असतं, पण तुझी प्रिंट मी बराच वेळ टेबलावर ठेवून बघितली आणि माझी खात्री झाली, की तुझं दुखणं अर्थाचं नाहीच.

तरी आधी अर्थाचं बोलू. आपल्या दारात सकाळी रांगोळी पडते. गोपद्मं, स्वस्तिक, लक्ष्मीची पावलं यांना अर्थ आहे, कबूल. पण पंधरा ते आठ ठिपके मांडून जी जाळी विणली जाते, तिचा अर्थ काय? ठिपका चुकला म्हणून सासू ओरडलेली मी पाहिली आहे, अर्थ चुकला म्हणून कोणी ओरडलेलं ऐकलं नाही. पेडणे-डिचोलीकडे जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर कावीचं काम अजून कुठे कुठे शिल्लक आहे. चुन्याचा गिलावा, त्यावर तांबड्या रंगाचा पातळ थर, आणि तो ओला आहे तोवर खरवडून आतला पांढरा चुना उघडा पाडायचा. कुठे मोर, कुठे देव, आणि उरलेल्या भिंतीवर कंपासने आखलेली वर्तुळं, पाकळ्या, वेली. कारागिराला ती जागा मोकळी ठेववली नाही, म्हणून भरली. तुझ्या काकांना तिथे नेऊन उभं केलंस तर ते हात जोडतील. त्या सहा पाकळ्यांचा अर्थ कितें, असं काही ते भिंतीला विचारणार नाहीत.

आणखी जुनं हवं असेल तर सांगे तालुक्यात उसगाळीमळला जा. रिवणच्या बाजूला, कुशावतीच्या काठी, जांभ्याच्या सपाट सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी बैल, हरणं, माणसं कोरून ठेवली आहेत. गावातले लोक त्यांना गुराख्यांची चित्रं म्हणत आणि तिथून ये-जा करत. पुरातत्त्व खात्याचं लक्ष तिकडे गेलं १९९३ मध्ये. त्यात एक भोवऱ्यासारखं वेटोळं आहे, आत आत जाणाऱ्या वाटांचं. कोणी चक्रव्यूह म्हणतं, कोणी विधीची जागा, कोणी कालगणना. अभ्यासकांचं एकमत नाही. पण पावसाळा संपताना दगडावर थोडं पाणी साचलेलं असतं तेव्हा त्या वेटोळ्याच्या कडेवर उभं राहून बघ, पाय हलत नाही. ज्याने कोरलं त्याच्या मनात काय होतं हे त्याच्याबरोबर गेलं, तरी चित्राचं काही अडलं नाही.

मग टी-शर्टलाच हा जाब का? कारण रांगोळी दाराची असते, कावी भिंतीची असते, टी-शर्ट मात्र माणूस छातीवर घेऊन फिरतो. आणि त्या छातीचा इतिहासच तसा आहे. टी-शर्ट मुळात अमेरिकन नौदलाच्या गणवेशाखाली घालायची बनियन. तिच्यावर छपाई आली ती पलटणीची, कॉलेजची, पक्षाची. १९४२ साली 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर छापील टी-शर्ट घातलेला जवान झळकला, त्याच्या छातीवर हवाई दलाच्या गोळीबार-प्रशिक्षण शाळेचं नाव होतं. १९४८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत थॉमस ड्युई या उमेदवाराच्या प्रचाराचे टी-शर्ट निघाले. ड्युई पडला, त्याचा टी-शर्ट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जाऊन बसला. म्हणजे पहिल्यापासून छातीवरची छपाई एकच सांगत आली : मी कुणाचा. आपल्याकडे वेगळं आहे का? निवडणूक आली की माझ्या दुकानात रंग सांगून ऑर्डर येते, चित्र नंतर ठरतं. वर्ल्ड कप आला की अर्धं सासष्टी ब्राझील होतं आणि उरलेलं पोर्तुगाल. एफसी गोवाच्या भगव्या जर्सीवर गवा आहे, तो घातलेल्या पोराला कोणी अर्थ विचारत नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे.

तुझ्या बाबांचा प्रश्न त्या जातीचा आहे. खेकड्याचा अर्थ त्यांना नकोच आहे. हे अंगात घालून माझा मुलगा कुणाच्या बाजूला उभा राहिला, एवढं त्यांना कळायला हवंय. खेकडा कुठल्याच बाजूचा नाही, एवढं त्यांना सांग. त्यांना हायसं वाटेल.

उलट्या बाजूचंही बघ. कळंगूट-हणजुण्याच्या बाजूला एक काळा टी-शर्ट हमखास दिसतो. पांढऱ्या बारीक रेघा, एकाखाली एक, मध्येच सुळके उठलेले. माझ्याकडे येणारी पोरं त्याला "डोंगरवाला" म्हणतात. तो डोंगर नाही. १९६७ मध्ये केंब्रिजला पहिला पल्सार सापडला, म्हणजे ठराविक ठेक्यात रेडिओलहरी पाठवणारा तारा. त्याचे ठोके एकाखाली एक रचलेला आलेख अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याच्या १९७० च्या पीएच.डी. प्रबंधात होता, पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांत. जॉय डिव्हिजन नावाच्या इंग्लिश बँडने १९७९ मध्ये तो उलटा करून, काळ्यावर पांढरा, आपल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर घेतला. इतका मोजूनमापून अर्थ दुसऱ्या कुठल्या टी-शर्टला क्वचितच असेल. रेघ न् रेघ मोजमाप आहे. आणि घालणाऱ्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही, बँडचंही नाव माहीत नाही. त्यांना तो डोंगर आवडला. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हा अर्थ असला काय, नसला काय, टी-शर्ट उभा राहतो तो चित्रावर. आता तुझ्या चित्राकडे येऊ, आणि रागावू नकोस.

तुझ्या खेकड्याला दोन नांग्या आणि सहा पाय आहेत. कुर्लीला, म्हणजे आपल्या खाण्यातल्या खेकड्याला, नांग्या धरून दहा पाय असतात. बाजारात टोपलीवाल्या बाईकडे बांधून ठेवलेली कुर्ली हातात घेऊन बघ : शेवटची जोडी टोकदार नसते, चपटी असते, वल्ह्याच्या पात्यासारखी, तिच्यावर ती पोहते. डोळे अंगावर चिकटलेले नसतात, देठावर असतात, आणि ती ते खाचेत आडवे मिटवून घेते. तू गोल डोळे काढून त्यांना पापण्या लावल्या आहेस. छत्रीचा दांडा नांगीत धरलेलाच नाही, तो नांगीच्या शेजारून गेला आहे. उघडी छत्री तोलायची तर खेकड्याला एका बाजूला झुकावं लागेल, तुझा सरळ बसला आहे, फोटोला बसल्यासारखा. आणि खिडकी! शिंपल्यांच्या तावदानांची म्हणतोस, पण मला ग्राफ पेपर दिसला. जुन्या घरातली ती खिडकी बघ एकदा. लाकडाच्या बारीक खाचांत शिंपले सरकवलेले असतात, कापलेले असले तरी एकाची कड दुसऱ्यासारखी नसते, मध्ये रेषा-रेषांची वळणं असतात, एखादा निखळलेला असतो आणि त्या जागी पत्रा नाहीतर पुठ्ठा ठोकलेला असतो. प्रकाश आत येतो तो दुधाळ. हे तू बघितलेलं नाहीस. इंटरनेटवर खेकडा शोधलास, खिडकी शोधलीस, छत्री शोधलीस आणि तिन्ही एकत्र बसवलीस.

माझ्या दुकानात मी एक बघत आले आहे. चित्राने माणसाला धरलं तर तो साइझ विचारतो. नाही धरलं तर अर्थ विचारतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारतो बिचारा, टी-शर्ट हातात घेतलाय, समोर तू आशेने बघतोयस, सरळ "आवडला नाही" कसं म्हणणार?

पणजीच्या मार्केटच्या भिंतीवर मारिओ मिरांडांची चित्रं मोठी करून काढलेली आहेत, ती जाऊन बघ. लोटलीचा हा माणूस, १९२६ चा जन्म, २०११ ला गेला, पद्मविभूषण त्याच्या मागून २०१२ मध्ये मिळालं. त्याच्या चित्रांचे टी-शर्ट, कप, फरश्या गोवाभर विकल्या जातात. अर्थ काय त्यांचा? बाजार भरलाय, माणसं खचाखच, कोणी मासळीवर घासाघीस करतंय, कोणी नुसतं टवाळक्या करत उभं, कोपऱ्यात कुत्रा. बघणारा अर्थ विचारतच नाही. तो बोट ठेवून म्हणतो, "हा बघ, आमच्या वाड्यावरचा!" एका एका माणसाकडे किती वेळ बघितलं असेल, ते रेघेत उतरलं आहे. (बघ म्हटलं, उचल म्हटलेलं नाही. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. मारिओची रेघ २०७१ संपेपर्यंत तुझी नाही.)

आता त्या म्हादईचं. तुझ्या मित्राला सांग, नको. म्हादई नदीचं पाणी कर्नाटकात वळवण्यावरून चाललेला वाद तुझ्या वयाहून जुना आहे, लवादाचा निवाडा २०१८ मध्ये आला, त्यानंतरही भांडण मिटलेलं नाही आणि त्यावर मनापासून राबलेली माणसं तुझ्याच तालुक्याच्या आसपास आहेत. ज्या क्षणी तू ते दोन शब्द छापशील, त्या क्षणी तुझा टी-शर्ट घोषणा होईल, आणि घोषणेला जाब विचारला जातो. कोणी स्टॉलवर येऊन विचारलं, "कळसा-भांडुरा म्हणजे नेमकं काय?" तर सांगता येईल? आलेल्या पैशातलं काही त्या कामाला जाणार आहे का? चित्र निरर्थक असू शकतं, अक्षरांना ती सवलत नाही. म्हादईवर टी-शर्ट काढायचाच असेल तर वेगळा काढ, नदीवर जाऊन काढ. या खेकड्याला भाड्याने लावू नकोस. तुला जे नुसतं आवडलं म्हणून सुचलं, त्याच्या गळ्यात खपासाठी पाटी अडकवली की लोकांना ते लगेच कळतं. अर्थ मागणाऱ्यांना तर आधी कळतं.

छपाईचंही सांगते, कारण तिथेही थोडी गडबड आहे. मरून कापडावर काळी छत्री काढलीस, ती बुडणार. कापडच बदल, फिकट राखाडी घे, १८० जीएसएम वजनाचं पुरे. पायांवरचे केस इतके बारीक काढले आहेस की स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, धुताना निम्मे निघून जातील. एक पॉइंटाच्या खाली रेघ ठेवू नकोस, होजिअरीचं कापड ताणलं जातं, रेघ फुटते. खिडकी फक्त बाह्यरेषेत ठेवून शिंपल्यांना कापडाचाच रंग राहू दिलास तर एक स्क्रीन वाचेल आणि दुधाळपणाही येईल.

आणि बाबा विचारतील पुन्हा, विचारू देत. "पाऊस होता" म्हण.

प्रश्न : माझा नातू अठरा वर्षांचा आहे. परवा आम्ही सगळी मंगेशीला निघालो तर हा काळा टी-शर्ट घालून आला, पुढे ही मोठी कवटी, डोळ्यांच्या खोबणीतून गुलाब उगवलेले. मी म्हटलं, बदल. तो म्हणतो, "आजी, तिला काही अर्थ नाही, नुसतं डिझाइन आहे." मग देवळात न येता गाडीतच बसून राहिला. तुम्ही या धंद्यातल्या. कोणाचं बरोबर?
— एक आजी, मडगाव

उत्तर : माई, वाद घालायला तुम्ही चुकीचं देऊळ निवडलंत. मंगेश म्हणजे शंकर, आणि त्याच्याच गळ्यात मुंडमाळा. नातवाला हे सुचलं नाही हे तुमचं नशीब! देवळांचे पेहरावाचे नियम असतात ते बहुतेक अंग झाकण्याबद्दल, कवटीबद्दल कुठे पाटी लावलेली माझ्या पाहण्यात नाही.

पण तुम्हाला जे खटकलं ते मला कळतं. नातवाने कवटी शंभर ठिकाणी पाहिली आहे, बाइकच्या टाकीवर, मोबाइलच्या कव्हरवर, गिटारवर. त्याच्या लेखी ती झिजून गुळगुळीत झाली आहे, तिला अर्थ नाही म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. तुम्ही घरातली माणसं पोचवून आला आहात. तुमच्या लेखी ती झिजलेली नाही. एकच टी-शर्ट, तो त्याच्या अंगावर आहे आणि बघायचा तुम्हाला आहे. घालणाऱ्याला आपल्या छातीवरचं चित्र दिसतच नाही, दिवसभर ते समोरचे लोकच बघतात. हे मी गिऱ्हाइकांनाही सांगते.

पुढच्या वेळी अर्थावर भांडू नका, हराल. "मला बघवत नाही, माझ्यासाठी बदल" एवढंच म्हणा. अठरा वर्षांचा मुलगा तत्त्वासाठी गाडीत बसून राहील, आजीसाठी बदलेल. आणि तो दुसऱ्या दिवशी कॉलेजला तो घालून गेला तर तिकडे बघू नका. गुलाब कसे काढले होते हो? चांगले असतील तर मला एक फोटो पाठवा.

प्रश्न : आमच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी टी-शर्ट करायचे आहेत. तरुण मंडळी म्हणतात समोर बाप्पाचा मोठा चेहरा हवा. ज्येष्ठ म्हणतात, घामेजलेल्या अंगावर देव, मग तो मोरीत आपटायचा, वॉशिंग मशीनमध्ये चड्ड्यांबरोबर फिरवायचा, आणि दोन वर्षांनी त्याचं पायपुसणं. बैठक त्यावरच अडली आहे.
— एक कार्यकर्ता, म्हापसा

उत्तर : पायपुसण्याचा मुद्दा ज्येष्ठांनी अगदी बरोबर काढला आहे. माझ्याकडे मंडळांच्या ऑर्डरी येतात, आणि त्याच टी-शर्टांची फडकी पुढच्या वर्षी मला गाड्या पुसताना दिसतात. इतर चित्रांचं काही नाही, पण ज्याची तुम्ही दीड दिवस, पाच दिवस, अकरा दिवस पूजा करता त्याला पुढे काय करणार याचा विचार छापण्याआधीच करायला हवा. विसर्जनाची सोय टी-शर्टला नाही.

तुमच्यापाशी त्याहून सुंदर चित्र आहे, ते डोक्यावरच टांगलेलं असतं म्हणून कोणाला सुचत नाही. माटोळी छापा. बाप्पाच्या वरची ती लाकडी चौकट, तिला बांधलेले सुपारीचे घड, नारळ, आंबाडे, कवंडळं, घागऱ्यो, रानातून आणलेली ज्याची त्याची फळं-फुलं. कॉलरखाली आडवी चौकट घ्या आणि फळं छातीवर लोंबू द्या, खाली जागा मोकळी सोडा. ज्याला बघायचं त्याला मूर्ती तिथे दिसेल. बाहेरगावच्या मंडळांपेक्षा वेगळंही दिसेल, कारण माटोळी आपल्याकडची. शिवाय ज्येष्ठांना काम मिळेल : कुठलं फळ कसं दिसतं हे तरुणांना त्यांच्याशिवाय कोण सांगणार? कवंडळ आतून लाल असतं की नाही यावरच एक बैठक जाईल, ती या बैठकीपेक्षा बरी.

दोन रंगांत करा, हिरवा आणि तांबडा, पांढऱ्यावर. आणि चतुर्थीच्या आठवडाभर आधी ऑर्डर घेऊन येऊ नका. त्या दिवसांत मी फोन उचलत नाही.

प्रश्न : १९ डिसेंबरला मुक्तिदिनाची बाइक रॅली आहे. टी-शर्टच्या पाठीवर पूर्ण तिरंगा छापायचा आहे. कापड कुठलं घेऊ?
— एक वाचक, वास्को

उत्तर : कापडाचं नंतर बघू, आधी तिरंगा काढा. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा आहे, २००५ च्या दुरुस्तीनंतर कमरेच्या वर तिरंगा वापरायला थोडी मोकळीक मिळाली, पण पोशाखाच्या कापडावर तो छापायला किंवा भरतकामाने काढायला मनाई आहे. तुमचा हेतू चांगला आहे हे मला पटतं. इथे मात्र अर्थ ठरवणं तुमच्याही हातात नाही, माझ्याही नाही. बाजारात असले टी-शर्ट मिळतात हेही मला माहीत आहे, मी छापत नाही.

मुक्तिदिनच आहे तर तारीखच मोठी घ्या, "१९ डिसेंबर १९६१", देवनागरीत, जाड अक्षरांत. ध्वज हातात धरायचा असतो, तो नियमाप्रमाणे मोठ्या डौलाने धरा. कापड : डिसेंबरातही दुपारी गोव्यात घाम येतोच, सुती घ्या, पॉलिएस्टर नको.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या टी-शर्टवरची छपाई तिसऱ्या धुण्यात तडकली. कापड एकदम चांगलं आहे. माझं काही चुकलं का?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : बहुतेक तुमचं नाही. रबरासारखी जाड लागणारी जी छपाई असते, तिची शाई साधारण १६० अंश सेल्सिअसला नीट पिकावी लागते. घाईत कमी तापवून काढली की वरून सुकलेली दिसते, आतून कच्ची राहते. नवा टी-शर्ट घेताना छपाई दोन्ही हातांनी हलकी ताणून बघा. तिथेच बारीक भेगा दिसल्या तर परत करा.

जो आहे तो उलटा करून गार पाण्यात धुवा, उलटाच सावलीत वाळवा. आणि छपाईवर थेट इस्त्री फिरवत असाल तर मात्र तुमचंही थोडं चुकलं. आतल्या बाजूने करा.